दिवेलागणीची नाडी

लेक साळू तापानं गेली त्याला चार महिने झाले, तरी तुळजाबाई रडली नव्हती. दळण, पाणी, भाकरी सगळं चाललं होतं; फक्त हाक मारली की ती जरा उशिरानं वळायची. तिच्या काळजातच जोर उरला नाही, असं नवऱ्यानं, बद्रीनाथनं, मनाशी धरलं. हकिमांनीही तसंच सांगितलं तर तिला शहागडला माहेरी पोचवायची होती. तुळजाला कुठंही राहणं सारखंच. फक्त साळूला जिथं पुरलं तो बांध इथं होता.

अंबडचे गयासोद्दीन हकीम एकदा मनगट धरून निकाल देणारे नव्हते. नाडी दिवसभर एका चालीनं चालत नाही म्हणाले. झोपून उठल्यावर मंद, कामानंतर जलद. निजामाच्या अमलात घरोघरी कुठली घड्याळं? त्यांनी सासूच्या, गोजरबाईच्या, हाती वाळूचं छोटं घड्याळ दिलं. तिला विसापुढं मोजता येत नव्हतं, म्हणून वाळू सरेपर्यंत दर ठोक्याला ज्वारीचा एक दाणा बाजूला टाकायचा ठरलं.

सुनेला बरोबर घेऊन गोजरबाईनं तीन चिंध्यांत दाणे बांधून नेले: उठल्यावरचे, दळणानंतरचे आणि दिवेलागणीला अंगणात नुसतं बसल्यावरचे. हकिमांनी ते दोनदा मोजले. पायली दळून उठलेल्या बाईची नाडी जागची हलली नव्हती. बसल्या जागी, गुरं परतायच्या वेळेला मात्र वीस दाणे जास्त.

"बाई, नाडी धरता कशी?"

"अंगठ्यानं. चांगली दाबून."

"अंगठ्याला त्याची सवताची नाडी असते. हे दाणे सुनेचे न्हाईत, तुमचे हायेत."

गोजरबाई दाणे परत चिंध्यांत बांधत राहिली. गुरांच्या मागं धावत साळू त्याच वेळेला घरी यायची. तिचं नाव घरात कुणी काढत नव्हतं, गोजरबाई तर कधीच नाही.

हकिमांनी तीन बोटं टेकवून तुळजाची नाडी पाहिली. आडावरून दहा बादल्या ओढायला लावून परत पाहिली. ठोके वाढले, थोड्या वेळानं खाली आले.

"काळीज बिलकुल बराबर हाये," ते म्हणाले. "माहेरी धाडायचं कारण न्हाई."

त्या संध्याकाळी गुरं आली. तुळजानं सासूचं मनगट मांडीवर घेतलं आणि हकिमांसारखी तीन बोटं टेकवली. ठोके भराभर येत होते. घड्याळ परत दिलेलं होतं, जवळ दाणेही नव्हते. तुळजाला स्वतःला काही वाटत नव्हतं. गुरं बांधून झाली, तरी तिनं हात सोडला नाही.