डिस्क शून्य, डिस्क एक

मोहसीनने माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. न जाणो, चुकून दाबलं गेलं तर!

लॅपटॉपच्या पडद्यावर दोनच ओळी होत्या, डिस्क शून्य आणि डिस्क एक. साइज दोन्हींची सारखीच. बिघडलेलं विंडोज नव्याने टाकायचं तर एक पुसायला हवी, आणि दुसरीत कोरेगावच्या भाऊसोंच्या लेकीच्या, क्रांतीच्या लग्नाचं शूटिंग होतं. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्याच लग्नाला रिकामी केलेली. पाच महिने ‘आज देतो, उद्या देतो’ म्हणणाऱ्या या बहाद्दराला आता घाम फुटला होता. भाऊसोंचा सकाळीच फोन आला होता, संध्याकाळी येतोय म्हणून.

“शून्य पुसू का रं?”

“थांब की गड्या,” स्टुडिओतला त्याचा भागीदार ऋषिराज म्हणाला. “विंडोज नव्या पट्टीसारख्या डिस्कमधी हाय, लग्न जुन्या डबीसारख्या डिस्कमधी. पडद्यावर कळत न्हाई, हातात कळतंय. डबी काढूनच ठेव.”

त्यांनी लॅपटॉप बंद केला, मागचे स्क्रू काढले. विंडोज चढेपर्यंत ऋषिराज ती डबी मुठीत धरून बसला. चहा आला तोही गार झाला.

“खाली ठेव की.”

“नको. पडली म्हंजे?”

डबी परत बसवली. लग्नाचा फोल्डर उघडला. सगळं जागच्या जागी होतं. मोहसीनला रडूच आलं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि हळदीची क्लिप लावली. तेवढ्यात भाऊसो जिना चढून आले.

“आवं भाऊसो, या की! सगळं शाबूत हाय. आठ दिवसांत देतो बघा.”

भाऊसो बसले नाहीत.

“देऊ नगंस. पुसून टाक, एवढंच सांगाय आलोय. क्रांती माघारी आलीया. आता आमीच न्हाई धाडणार तिला.”

क्लिप बंद करायला मोहसीनने घाईने हात पुढे केला. पडद्यावर हळदीने माखलेली क्रांती मैत्रिणीच्या मागे धावत होती, पोट धरून हसत होती.

“ऱ्हाऊ दे,” भाऊसो म्हणाले. पदर खोचलेल्या लेकीकडे ते बघतच राहिले. “एवढं ठेव. बाकीचं पूस.”

“ती कुठं हाय?” ऋषिराजने विचारलं.

“खाली जीपमधी. वर येत न्हाई म्हणती.”

भाऊसोंनी रस्त्याकडची खिडकी उघडली.

“आवाज वाढीव.”

मोहसीनने आवाज होता तेवढा वाढवला. ते हसणं खोलीभर झालं, खिडकीतून खाली गेलं.

थोड्या वेळाने खाली जीपचं दार उघडलं.