मंडईतला लाल कोट

दिवाळी नुकतीच झाली होती. चिचगडात घरोघरी आकाशकंदील तसेच लटकत होते, बांध्यांमध्ये धान कापणं चालू होतं, आणि देवरीच्या शाळेतल्या प्राची मॅडम लाल कापडाचा गठ्ठा घेऊन रुख्माच्या दारात उभ्या राहिल्या. गावातलं शिवणकाम रुख्माच करायची.

"सांताक्लॉजचा कोट शिवायचाय. मोठ्या माणसाचा."

"नाताळाले तं लय वेळ आहे, मॅडम. आतापासूनच काऊन?"

"शाळेची जाहिरात काढतोय. गोंदियाच्या बाजारात तर नाताळाची झाडंसुद्धा आलीत."

कोट घालणार होता शाळेचा शिपाई. माप विचारलं तर मॅडमनी ओट्यावर बसलेल्या चैतरामकडे बोट केलं. "यांच्याएवढाच आहे तो."

चैतराम रुख्माचा सासरा. एकेकाळी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, दंडारीच्या नाच-नाट्याच्या खेळात त्याची सोंगं बघायला आसपासच्या गावांतून माणसं यायची. बायको गेल्यापासून मात्र तो मंडईकडे फिरकलाच नव्हता. जेवायचा आणि ओट्यावर बसायचा, बस.

कच्चा कोट अंगावर चढवून रुख्मा टाचण्या लावू लागली, तशी म्हाताऱ्याची पाठ ताठ होत गेली.

"हा मानूस करते काय?"

"लेकरायले खाऊ वाटते, मामाजी."

"बोलत नाही?"

"नुसता हासते म्हनतेत. पोट धरून."

"नुसतं हासून सोंग उभं करनं कठीन आहे," चैतराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गोठ्यामागून आवाज यायला लागला. आधी खोकल्यासारखा, मग पोटातून आलेला. रुख्माने मशीन थांबवली आणि ऐकत बसली.

गावची मंडई आली. सकाळीच चैतरामने विचारलं, "कोट झाला काय?"

"झाला. पन तो मॅडमचा आहे. खराब होईल."

चैतराम मागे वळला. ओट्यावर जाऊन बसला. रुख्माने तव्यावरची भाकर उलटली, काढली, चूल विझवली आणि कोट पिशवीत भरला.

"चला, मामाजी. दोघंबी जाऊ."

दुपारी दंडारीत एक सोंग आटोपलं आणि लाल कोटातला, कापसाच्या दाढीचा म्हातारा मधोमध येऊन उभा राहिला. ढोलकी थांबली. एक पोरगं रडायला लागलं. चैतराम पोट धरून हसला.

"लय दुरून आलो बाप्पा," तो म्हणाला. "तिकडं बरफ पडून राहिला. इथं धान निघालं म्हनलं, नवा भात खाऊ. म्हनून लवकर आलो."

माणसं हसून लोटपोट झाली. रुख्माने घेतलेले मुरमुऱ्यांचे लाडू त्याने वाटले, तशी पोरं त्याच्या बाह्यांना लोंबकळली.

कोट मातीने भरला, एक बाही उसवली. धुतल्यावर लाल रंग पांढऱ्या काठात उतरला. रुख्माने काठ उसवून नवा लावला, बाही शिवली आणि मॅडम आल्यावर सगळं सांगून टाकलं.

"विचारायचं तरी," मॅडम म्हणाल्या.

"तुमी नाही म्हनलं असतं."

मॅडमनी शिवण उलटसुलट करून पाहिली, कोट घेतला आणि गेल्या. शाळेच्या पोरांचे कपडेही इथेच शिवायचे ठरले होते, ते काम काही आलं नाही. रुख्माला वाईट वाटलं. तिचं चुकलंच होतं.

पण ओट्यावर कोणी नव्हतं. चैतराम दंडारवाल्यांसोबत शेजारच्या गावच्या मंडईला गेला होता. दिवस मावळताना तो घरी परतला, पाय धुऊन जेवायला बसला आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतला.