तेलविहिरीवरची केशरी बोट

माझा चकचकीत केशरी रंग पाहून फसू नका, मित्रांनो. तो दरवर्षी नवा देतात. मी मात्र फार जुनी बोट आहे. सरकारी तेल कंपनीच्या मुख्य कार्यालयासमोर, हिरवळीवर, सिमेंटच्या चौथऱ्यावर मला बसवले आहे. भोवती साखळी आहे आणि 'हात लावू नये' अशी पाटी आहे. पण माझा जन्म काही हिरवळीवर बसून राहण्यासाठी झाला नव्हता.

मला एका कारखान्यात साच्यात घालून घडवले. मला छप्पर आहे, बाजूला दार आहे, मागे एक छोटी काच आहे. आत समोरासमोर बाके, बाकांना पट्टे, पिण्याच्या पाण्याचे डबे आणि एक लहानसे इंजिन. माझे छप्पर असे केले होते की वरून ज्वाळा गेल्या तरी आतल्या माणसाला चटका बसू नये. कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो म्हणाला, "हिच्यात बसायची वेळ कुणावर न येवो." मला त्याचा फार राग आला. मी नवी होते, मला काम हवे होते.

मग मला भर समुद्रात नेले. तिथे पाण्यातून वर आलेल्या जाडजूड खांबांवर एक लोखंडी फलाट उभा होता. समुद्राच्या पोटातून तेल आणि गॅस तिथे वर येई आणि मोठ्या नळांतून किनाऱ्याकडे जाई. या फलाटाच्या एका कडेला मला पोलादी दोरांनी टांगले. पलीकडच्या कडेला माझ्यासारखीच दुसरी बोट होती. आग लागली तर माणसांना घेऊन आम्ही दूर जायचे, एवढेच आमचे काम.

तिथे दोन तऱ्हेची माणसे होती. कंपनीच्या कायम नोकरीतली माणसे निळी हेल्मेट घालत. ठेकेदाराने आणलेली पिवळी घालत. निळ्यांसाठी मी होते आणि पिवळ्यांसाठी ती दुसरी. याच फलाटावर दोन सख्खे भाऊ होते. थोरला निळ्या हेल्मेटचा. तो क्रेन चालवायचा आणि मला पाण्यात सोडायचे कामही त्याच्याकडेच होते. धाकटा पिवळ्या हेल्मेटचा वेल्डर. त्याला सगळे 'ठिणगी' म्हणत. जेवणाच्या सुट्टीत दोघे माझ्या सावलीत बसत.

"दादा, मला कधी रे कायम करणार?" ठिणगी विचारायचा.

"साहेबांच्या कानावर घातलंय. तू फक्त तोंड आवर."

"तोंड आवरलं तर जेवू कशानं?"

थोरल्याला हसू यायचे, पण तो ते दाबायचा. फलाटाचे मोठे साहेब कुठून बघत असतील याचा नेम नसे.

एके वर्षी ती दुसरी बोट दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर नेली आणि ती परत आलीच नाही. तिचे दोर आणि आकडे तसेच लोंबकळत राहिले. आठवड्याची कवायत मात्र चुकत नसे. भोंगा वाजला की निळे माझ्यात येऊन बसत आणि पिवळे त्या रिकाम्या आकड्यांपुढे रांग धरत. ठिणगी नसलेल्या बोटीत बसल्याचे सोंग आणून ओरडायचा, "सरकून बसा रे, पाय भिजतील!" सगळे खो खो हसायचे. एकदा मोठ्या साहेबांनी ते ऐकले. त्यांनी ठिणगीला दिवसभर उन्हात, त्या आकड्यांखाली, उभे ठेवले. थोरला वर क्रेनमध्ये बसून ते पाहत होता. तो खाली आला नाही.

पुढे माझ्या आकड्याला तडा गेला. नवा आकडा मागवायचा तर महिने गेले असते, म्हणून ठिणगीला बोलावले. तो माझ्या माथ्यावर पालथा पडून वेल्डिंग करत राहिला. काम झाल्यावर साहेबांनी आकड्यावर हातोडा मारून पाहिला. "पक्कं आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ठिणगीला मिळालेली तेवढीच शाबासकी.

ती सकाळ मला आजही दिसते. चहाच्या वेळेला ठिणगी साहेबांना शोधत माझ्यापाशी आला.

"साहेब, गॅसचा वास येतोय. खालच्या नळाचा सांधा सुटलाय. थोडा वेळ विहिरी बंद करायला सांगा."

"वास तर रोजच येतो," साहेब म्हणाले. "इथं काय अत्तराचा कारखाना आहे? विहीर बंद केली तर वरच्यांना मी काय तुझं तोंड दाखवू?"

ठिणगी गेला. साहेबांचा चहाही संपला नव्हता, तोच फलाट खालून हादरला. लोखंडी जिने वेडेवाकडे झाले, काळ्या धुराचा लोट उठला. भोंगा एकदा रडला आणि बंद पडला. निळी हेल्मेट धावत माझ्यात शिरली. साहेब सर्वांत आधी बसले. थोरल्याने माझ्या आतला दोर सोडायचा दांडा हातात घेतला. माझी निम्मी बाके रिकामी होती.

इतक्यात वरच्या जिन्यावर ठिणगी दिसला. त्याच्या पाठीवर फलाटाचा आचारी होता, कमरेपासून खाली भाजलेला. मागे आणखी काही पिवळी हेल्मेट एकमेकांना धरून येत होती.

"दादा, थांब! आलोच!"

"सोड," साहेब म्हणाले.

"साहेब, माझा भाऊ आहे. दोनच जिने राहिलेत."

"त्यांची बोट वेगळी आहे."

"त्यांना बोटच नाही, साहेब!"

"तो ठेकेदाराचा प्रश्न. तू दांडा ओढतोस की मी ओढू? कायम व्हायला किती वर्षं नाक घासलंस, विसरलास?"

थोरल्याने आत बसलेल्यांकडे पाहिले. त्यांतल्या बहुतेकांनी ठिणगीच्या थट्टेला पोट धरून हसून घेतले होते. आता कुणी नजर वर करेना. एकाने तर पट्टा आवळता आवळता म्हटले, "अरे ओढ ना! आम्हालापण पोरंबाळं आहेत."

थोरल्याने दांडा ओढला.

मित्रांनो, बोटीला आपण होऊन थांबता येत नाही. मी सरसर खाली गेले. ठिणगीने जोडलेल्या आकड्याने माझा सगळा भार पेलला, तो जराही कुरकुरला नाही. मी पाण्यावर टेकले, दोर सुटले, इंजिन सुरू झाले. मागच्या काचेतून मला फलाटाची कड दिसत होती. ठिणगी तिथे पोचला होता. उडी मारून पाण्यात पडायला त्याला अजून वाव होता. पण आचाऱ्याला उडी मारता येणार नव्हती. ठिणगीने खाली वाकून पाहिले, मी किती दूर गेले ते. मग त्याने आचाऱ्याला हळूच खाली टेकवले आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला. त्यानंतर धूर आला. थोरल्याने एकदाही मागे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीने जाहीर केले की तिचा एकही कर्मचारी दगावला नाही. आणि ते खोटे नव्हते, कारण पिवळी हेल्मेट कंपनीची नव्हतीच. साहेबांना बढती मिळाली. थोरल्याच्या गळ्यात हार पडला. मला धुऊन, रंगवून इथे बसवले. ठिणगीचे काहीच हाती लागले नाही. ठेकेदाराने आपल्या पाटीवरचे नाव बदलले आणि तो दुसरीकडे कामाला लागला.

थोरल्याला आता समुद्रावर पाठवत नाहीत. सुरक्षा सप्ताहात शाळांची मुले येतात, तेव्हा माझ्यापाशी उभे राहून सुटकेची गोष्ट सांगायचे काम त्याला दिले आहे. काय सांगायचे ते साहेबांनीच बसवून घेतले आहे. यंदा तो सांगत होता, "आणि मुलांनो, या बोटीने सगळ्यांना सुखरूप घरी आणलं. एकही माणूस मागं राहिला नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलांच्या मागे एक बाई उभी होती. ठिणगीची बायको. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे. टाळ्या थांबल्यावर तिने अगदी साध्या आवाजात विचारले,

"भावजी, मग ह्यांना घरी का नाही आणलंत?"

शाळेच्या शिक्षिकेने मुलांना घाईने रांगेत उभे केले. पहारेकरी आला आणि तिला म्हणाला, "ताई, साखळीच्या आत यायचं नाही. चला, बाहेर चला." ती निघाली. तिने थोरल्याला शिव्या दिल्या नाहीत, ती रडलीही नाही. फाटकापाशी तिने पदराने चेहरा पुसला आणि रस्ता ओलांडला. थोरला तिच्यामागे दोन पावले गेला. तेवढ्यात दुसरी शाळा फाटकातून आत आली. तो परत फिरला, त्याने घसा साफ केला आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही. ती भरपूर घेतली जाते. पावसाळ्याआधी मला मेणकापडसुद्धा घालतात. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणाच्या तरी हातात दार असेल, कुणाच्या हातात दांडा असेल. तेव्हा धापा टाकत कुणी धावत येताना दिसले, तर तो कुणाचा माणूस आहे हे विचारत बसू नका. आधी त्याला आत घ्या.