नळी दुसऱ्याच गाडीला

मी धूर मोजतो. म्हणजे, त्यासाठीच मला बनवलं. हिंजवडीच्या रस्त्यालगत एका पत्र्याच्या टपरीत मी बसलेला असतो. वर पाटी आहे, 'पीयूसी काढून मिळेल'. आपण कधीतरी घाईत तिथे थांबला असाल, कागद घेऊन गेलाही असाल. माझ्याकडे मात्र पाहिलं नसेल. आज मला बोलायचं आहे, आणि गोड बोलणं मला जमणार नाही.

दोन हजार तीन साली भोसरीच्या एका लहान शेडमध्ये माझी जोडणी झाली. शालू नावाच्या मुलीने माझ्या पोटात एका टोकाला दिवा बसवला आणि दुसऱ्या टोकाला डोळा. गाडीच्या सायलेन्सरला नळी लावली की धूर या दोघांच्या मधून जातो. धूर जितका दाट, तितका उजेड डोळ्यापर्यंत कमी पोचतो. किती उजेड अडला, तो आकडा मी सांगतो. डिझेलच्या गाडीला पासष्टची हद्द. आत असेल तर पास, वर गेली तर नापास. मला एवढंच येतं.

खोक्यात भरताना शालू शेजारणीला म्हणाली, "हा बरा बाई. याला खोटं बोलायला तोंडच नाही."

खोटं बोलायला तोंड लागत नाही, हे मला पुढे कळलं.

टपरीचे मालक श्यामराव. मला चालवायला त्यांनी बद्रीनाथला ठेवलं. तो वाशीमकडचा. कारखान्यात काम मिळेल म्हणून पुण्याला आला आणि माझ्याजवळ येऊन थांबला. रोज सकाळी तो मऊ फडक्याने माझी काच पुसायचा. लोक स्वतःचा चष्मासुद्धा इतका नीट पुसत नाहीत.

पहिले तीन आठवडे आम्ही खरं काम केलं. नापास झालेला प्रत्येक टेम्पोवाला भांडायचा. "यंत्र बिघडलंय तुमचं!" शेवटी श्यामरावांनी एक पाटी लावली, 'येथे वाद घालू नये. धूर आपलाच आहे.' लोक पाटी वाचून हसायचे आणि पुढच्या टपरीवर जायचे. तिथे कोणीच नापास होत नसे.

मग एके दिवशी श्यामरावांनी आपली नवी कोरी जीप टपरीमागे आणून उभी केली. बद्रीनाथला म्हणाले, "आजपासून नळी हिला लावायची. कागदावर नंबर समोरच्या गाडीचा टाकायचा."

"मालक, हे खोटं होईल."

"खोटं कुठंय? धूर खराच आहे. फक्त दुसऱ्याचा आहे."

त्या दिवसापासून मी एकाच जीपचा धूर मोजत राहिलो. बावीस, तेवीस, बावीस. कागदावर नाव मात्र डंपरचं, पाण्याच्या टँकरचं, कंपनीच्या बसचं, शाळेच्या गाडीचं. काळे ढग सोडत ते माझ्यासमोर थांबत आणि माझाच शिक्का घेऊन तेच ढग सोडत जात. लाज मला वाटायची. मी तर लोखंडाचा.

आणि रस्त्यावरची माणसं! दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड ओढणीने बांधून घेत. बसमधले साहेब काच लावून घेत. रिक्षावाला म्हणे, धूर बसचा. बसवाला म्हणे, डंपरचा. डंपरवाला म्हणे, धूळ आहे हो, बांधकामं चालली आहेत ना! खोकला आला की सगळ्यांचं उत्तर एक, "हवा बदलली." हवा बदलली नव्हती, साहेब. तुम्ही ती बदलली होती.

साईनाथ आमचा नेहमीचा माणूस. हिंजवडीतलाच. घरची जमीन आयटी पार्कात गेली, तेव्हा त्याने जुनी मिनीबस घेतली आणि कंपनीच्या पोरांची ने-आण सुरू केली. मनाचा मोकळा. दर सहा महिन्यांनी यायचा, बद्रीनाथला चहा पाजायचा आणि आईचं सांगत बसायचा.

"आई लय खोकती रे, बद्री. रात सरत न्हाई तिची. डॉक्टर म्हनला, चुलीवर सैपाक करती का? म्हनून चूल मोडली, शेगडी आनली. तरी खोकतीच. मग म्हनला, गोठा हाय का घराला लागून? म्हस इकली. तरी तेच."

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, दादा," बद्रीनाथ म्हणायचा आणि नळी जीपला लावायचा.

एका सकाळी मिनीबस आली, तेव्हा आत सरुबाई होत्या. साईनाथ आईला दवाखान्यात नेत होता. पण कंपनीने पीयूसीचा कागद आजच मागितला होता, म्हणून वाटेत थांबला. म्हातारीला आत बसवेना. उतरून ती टपरीतल्या स्टुलावर बसली. दोन शब्द बोलली की थांबायची. श्वास आत घेताना तिच्या गळ्याची शीर ताणली जायची.

"ह्यो डबा काय करतो रं, लेकरा?"

"धूर मोजतो, आजी."

"आन् मग..." ती थांबली. तिने नळीवरून नजर फिरवत फिरवत मागच्या जीपपर्यंत नेली. "गाडी हितं उभी, आन् नळी तिकडं का?"

बद्रीनाथ फडकं उचलून माझी काच पुसू लागला. साईनाथ हसून म्हणाला, "तुला न्हाई कळायचं, आई."

"न कळायला काय झालं? दुखतंय मला, आन् नाडी ह्या पोराची बघतुयास व्हय?"

त्या एका वाक्याने दोन वर्षांचं सगळं उघडं पडलं. बद्रीनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने जीपची नळी काढली आणि मिनीबसला लावली. "दादा, रेस द्या."

"अरे, कशाला उगाच..."

"दे रं," सरुबाई म्हणाल्या.

साईनाथने रेस दिली. माझ्या पोटात अंधार झाला. किती दिवसांनी मी खरं काम करत होतो! मी आकडा दाखवला. त्र्याण्णव.

"म्हंजी किती?" म्हातारीने विचारलं.

"पासष्टच्या आत पाहिजे, आजी. ही गाडी सकाळी कुठे उभी असते?"

"कुठं म्हंजी? आंगनात. माझ्या खिडकीखाली. रोज अर्धा तास घुर्र करतो ह्यो. इंजन गरम करतो म्हनं." बोलता बोलता ती थांबली. मग लेकाकडे न बघता म्हणाली, "चूल मोडलीस. म्हस इकलीस."

साईनाथने वाकून सायलेन्सर पाहिला. मला वाटलं, आता हा माणूस इंजिन दुरुस्त करणार. वाटणं यंत्राचं काम नाही, तरी वाटलं. एवढ्यात श्यामराव आले. आकडा बघून त्यांनी स्वतः नळी काढली, जीपला लावली आणि कागद छापून साईनाथच्या हातात दिला. "आईंना उशीर होतोय दवाखान्याला," एवढंच म्हणाले. साईनाथने कागद घडी करून खिशात ठेवला.

सहा महिन्यांनी तो पुन्हा आला, पेढे घेऊन. "आई झोपती आता, बद्री! रातभर झोपती. खोकला निम्म्यावर आला. तुझे उपकार हायेत."

बद्रीनाथचा चेहरा उजळला. "इंजिन केलं ना?"

"इंजन? छ्या. चाळीस हजार सांगतोय मेकॅनिक. गाडी आता घरी नेतच न्हाई. त्या होस्टेलम्होरं लावतो, पिवळ्या इमारतीच्या. सकाळी तिथंच गरम करतो."

बद्रीनाथने पेढा परत पुड्यात ठेवला. "दादा, पिवळ्या इमारतीत खालची खोली माझी आहे. आम्ही पाच जण राहतो. महिना झाला, सकाळी कोणाला श्वास घेता येत नाही. गाडीचा आवाज यायचा, पण उठून कोणी पाहिलं नाही. आम्हाला वाटलं, साथ आहे."

साईनाथने पेढ्यांचा पुडा मिटला. मग हलकेच म्हणाला, "मग खिडकी लावून घेत जा की."

हा चांगला माणूस होता, हे विसरू नका. आईसाठी त्याने म्हैस विकली होती. त्याला फक्त दुसऱ्याची छाती दिसत नव्हती, आणि असेच चांगले लोक या शहरात लाखांनी राहतात.

बद्रीनाथने नळी मिनीबसला लावली, स्वतः चढून रेस दिली. शहाण्णव. त्याने 'नापास' छापलं आणि कागद साईनाथपुढे धरला. साईनाथने तो बोळा करून टाकला, शेजारच्या टपरीवर गेला आणि पाच मिनिटांत 'पास' घेऊन कामाला लागला. संध्याकाळी श्यामरावांनी बद्रीनाथचा हिशेब चुकता केला. जाताना त्याने फडकं धुऊन माझ्यावर वाळत घातलं.

आता नवा माणूस आहे. जीपची नळी तो कधी काढतच नाही. माझी काच कोणी पुसत नाही. नुसती हवा आली तरी मी चाळीस दाखवतो, आणि ते काजळीमुळे की हवेमुळे, हे मलाच कळत नाही.

इथून ती पिवळी इमारत दिसते. सकाळी सहाला मिनीबस सुरू होते आणि इमारतीच्या खिडक्या एकेक करून बंद होतात. आधी खालच्या, मग वरच्या. त्या खिडक्यांमागच्या लोकांनो, तुमच्याशीच बोलतोय मी. खिडकी लावू नका. खाली या. गाडीसमोर उभे राहा आणि चालकाकडे कागद मागू नका, तो त्याच्याकडे आहेच. त्याला माझ्याकडे घेऊन या, माझी काच पुसा, आणि नळी तुमच्या हाताने लावा.

मी अजून मोजू शकतो.