फुगलेला लेप

"अवो, हा तवा हाय का पाटा? पाव घंटा झाला, भाकर कच्चीच!"

दुर्गाबाईची हाक ऐकून मोतीराम अंगणात आला आणि चुलीपाशी थबकला. मातीचा तवा फुटला म्हणून तिनं भिंतीला टेकलेला, मोतीरामच्या कामावरचा एक जाड लोखंडी चौकोन चुलीवर मांडला होता. त्याच्या एका बाजूला पांढरा लेप होता. ती बाजू मळकी समजून तिनं जाळाकडे केली होती. आता तिथं तीन बोटं जाडीचा काळा फेस फुगून बसला होता. वर भाकर पांढरीफटक.

मोतीराम उकिडवा बसून खालून पाहू लागला.

"फुगला! अवं, फुगला की!"

"कुठी फुगली? पापडासारखी पडली हाय."

"भाकर नाही वं, लेप!"

मोतीराम रंगारी होता. अकोल्याच्या आसपासच्या गोदामांतल्या लोखंडी खांबांना आगीपासून जपणारा लेप तो अकरा वर्षं लावत होता. आग लागली की लेप फुगतो, लोखंड लवकर तापून वाकत नाही, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो, असं त्याला सांगितलं गेलं होतं. पण त्यानं लेपलेल्या एकाही गोदामाला आजवर आग लागली नव्हती. त्यामुळे आपण खरंच काही लावतो की नुसता चुना फासतो, अशी शंका त्याला अधूनमधून यायची. कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

त्याच दिवशी सकाळी कापसातली सरकी काढणाऱ्या नव्या जिनिंगचे मालक किशोरशेठ त्याच्यावर भडकले होते. "हे ताकासारखं काय फासून राहिला? बंद कर. चमकणारा ऑइलपेंट मार."

साइटवरच्या इंजिनिअर मायाताईंनी समजावून पाहिलं. "शेठ, इथं कापूस भरणार. मशीन चालली की खांब थरथरतात, उन्हात लोखंड पसरतं. हा लेप लवचिक आहे, तडकत नाही."

"तडकते तं माहं डोकं, मॅडम."

मोतीराम लेपाचा डबा झाकून घरी आला होता. आता मात्र तो चुलीपाशी बसून हसत होता.

"उद्या जिनिंगवर चाल," तो म्हणाला, "भाकर टाकाले."

"याड लागलं का तुमाले?" दुर्गाबाई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, परात आणि पीठ घेऊन निघाली.

जिनिंगच्या आवारात विटांच्या दोन चुली पेटल्या. एकीवर ऑइलपेंट मारलेली लोखंडी पाटी, दुसरीवर लेपाची. रंग दोन्हींच्या खालच्या बाजूला. दुर्गाबाईनं दोन भाकरी थापल्या. ऑइलपेंटनं असा धूर सोडला की शेठ खोकत खोकत मागे सरले, आणि त्या पाटीवरची भाकर बघता बघता कोळसा झाली. दुसरीवर काहीच होईना. शेठनं घड्याळ पाहिलं. दुर्गाबाईनं भाकर उलटली. कच्ची.

"शेठ," ती कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "या बाजूले बसान तं जीव वाचन, पण उपाशी मरान."

मायाताई तोंडावर रुमाल धरून हसल्या. शेठ हसले नाहीत. ते वाकून त्या काळ्या फेसाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"कापूस निवडाले बाया किती बसतीन इथं?"

"चाळीस," मायाताई म्हणाल्या.

शेठनं मोतीरामकडे पाहिलं. "मार मंग. पण वरून गुलाबी रंग पाह्यजे मले."

महिन्याभरानं उद्‌घाटन झालं. बावीस खांब गुलाबी चमकत होते. व्यासपीठावर ठेकेदाराला शाल मिळाली, आर्किटेक्टला मिळाली, गुलाबी रंगाच्या दुकानदारालाही मिळाली.

"तुमचं नाव काहून नाही घेत कोणी?" दुर्गाबाई मान न वळवता कुजबुजली. मग तिनं शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

समोर बटण दाबलं गेलं. मशीन धडधडली, जमीन थरथरली, टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे, लोकांच्या पाठीमागे, मोतीराम एका खांबाच्या बुडाशी बसला होता. कुणाची तरी कापसाची गाडी घासून तिथला थर निघाला होता. खिशातली छोटी डबी उघडून त्यानं बोटानं लेप भरला, डोळे बारीक करून पाहिलं, आणि पुढच्या खांबाकडे सरकला.

टाळ्या थांबल्या तेव्हा तो सातव्यापाशी पोचला होता.