भिंतीपलीकडचं रडणं

तिला पाळणाघरात नोकरी लागली तेव्हा नवरा म्हणाला, “झकास! घरी फुकट करायचीस तेच आता पगारावर.” सासूबाईंनी नाक मुरडलं. “मुलं सांभाळणं ही काय नोकरी झाली? आम्ही चार वाढवली, कुणी दमडी दिली नाही.”

नोकरी तशी चांगली होती. घर दहा मिनिटांवर, आणि तिच्या दीड वर्षाच्या ठमीलाही तिथेच जागा. अट एकच, आई आणि मूल एका खोलीत नकोत. “इथे तू आई नाहीस, ताई आहेस,” संचालिकाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खोलीत ठमीने भोकाड पसरलं. तिच्या खोलीतली सोबतीण दूध गरम करायला गेलेली. ताईच्या मांडीवर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा ढब्बू, भोवती आणखी पाच जणं ठोकळे रचत होती. पण तिचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता. भुकेचं रडणं ती ओळखायची, झोपेचंही. हे काहीतरी तिसरंच होतं.

आणि ते कापल्यासारखं थांबलं.

ढब्बूला सतरंजीवर ठेवून ती दाराशी गेली, कडीला हात घातला.

“ढब्बू लाल लाल!” मागून एक चिमुरडी हसत म्हणाली.

ती वळली. ढब्बूचं तोंड उघडं, चेहरा लालबुंद, आणि आवाज नाही. तिने झेप घेतली, त्याला मांडीवर पालथा घातला आणि पाठीवर धपाटे मारले. एक, दोन, तीन. चौथ्याला, सतरंजीवर कुठेतरी सापडलेलं कोटाचं बटण त्याच्या तोंडातून टणकन बाहेर पडलं. ढब्बूने टाहो फोडला.

संचालिकाबाई धावत आल्या. “शाब्बास! म्हणूनच तुला घेतली.”

गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण तिच्याने राहवेना. “बाई, माझी पाठ होती मुलांकडे. दाराशी गेले होते मी.”

“का?”

“माझी रडायची थांबली म्हणून.”

बाई शेजारच्या खोलीत डोकावून आल्या. “तुझी केळं खातेय,” त्या म्हणाल्या. “आणि ढब्बूच्या आईला हे तूच सांगायचंस. सगळं.”



संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. ढब्बूला छातीशी घट्ट धरून खाली बसल्या. “पेशंट आ वासून बसलेला असतो,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि फोन वाजला की माझा हात थांबतो. पाळणाघराचा तर नसेल?” मग त्यांनी वर पाहिलं. “उद्या याला कुणाकडे सोडू, सांगा.”

“माझ्याकडेच सोडा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठमीची खोली अंगणापलीकडे हलवली. डॉक्टरीणबाई उशिरा आल्या, उंबऱ्यात घुटमळल्या, आणि त्यांनी ढब्बूला तिच्या हातात दिलं.

“आता बरं, ठमीचं काही ऐकू येत नाही,” सोबतीण म्हणाली.

“हो ना,” ताई म्हणाली, आणि तिने सहाही डोकी पुन्हा एकदा मोजली.