आकारामच्या गिटारचा पंचनामा

चौथा स्क्रू काही केल्या हलेना. तवनाप्पा मगदूमांनी त्याच्या डोक्यावर तेलाचा थेंब सोडला, दम खाल्ला आणि पुन्हा जोर लावला. टेबलावर लाल रंगाची जपानी इलेक्ट्रिक गिटार पालथी पडली होती. तिची मान धडाला जिथं जोडतात, तिथं स्टीलची एक चौकोनी पाटी होती. जगात कुठंही जा, या पाटीवर कारखान्याचा नंबर असतो आणि त्यावरून गिटारचं वय काढतात. या पाटीवर मात्र टिंबाटिंबांच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं : 'आ. द. पोवार, क. बावडा. दि. ११-११-७७'.

"हे काय ओ काका?" निशिगंधानं विचारलं.

"भांड्याच्या दुकानातलं काम. तांब्यावर नाव घालत्यात तसं. आधी घासून गुळगुळीत करायचं, मग नाव घालायचं. नंबर गेला घासण्यात."

"पण गिटारवर नाव कशाला?"

"ऑर्केस्ट्रात वस्तू बदलत्यात, बाळ. लग्नात ताटं बदलत्यात तशा."

निशिगंधा ही आकाराम पोवारची धाकटी लेक. आकाराम जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बावड्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये त्याची गिटार कपाटावर आडवी पडून धूळ खात होती. पुण्याच्या एका संग्राहकानं ती फोटोत पाहिली आणि दोन पानी फॉर्म पाठवला. जाणकाराकडून भरून आणायचा. गिटार मूळ स्थितीत असेल तर सव्वा लाख, बदल केलेले असतील तर पस्तीस हजार. आता कोल्हापुरात या विषयातला जाणकार म्हणजे लक्ष्मीपुरीत रेडिओपासून सिंथेसायझरपर्यंत सगळं दुरुस्त करणारे तवनाप्पाच. आकारामची बायको धोंडुबाईही लेकीबरोबर आल्या होत्या. मांडीवर पिशवी घेऊन त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि आल्यापासून चहाला नको म्हणण्यापलीकडे काही बोलल्या नव्हत्या.

तवनाप्पांनी फी नको म्हणून सांगितलं होतं. माणूस दिलदार, असं निशिगंधाला वाटलं. वास्तविक ही गिटार उघडायला मिळावी म्हणून तवनाप्पांनी वर पैसे मोजले असते.

त्याचं असं झालं होतं. एकोणऐंशी साली जयसिंगपूरला वाद्यवादनाची स्पर्धा झाली. शेवटी दोघंच उरले, आकाराम आणि तवनाप्पा. दोघांनी एकच धून वाजवली. आकाराम वाजवू लागला तेव्हा मैदानाकडेच्या भेळवाल्यानं हात थांबवला. तवनाप्पा वाजवू लागले तेव्हा भेळवाल्याचा धंदा जोरात झाला. आकारामला टेबलफॅन मिळाला, तवनाप्पांना झाकणाचा स्टीलचा डबा. त्या रात्री एस.टी. स्टँडवर तवनाप्पा म्हणाले, "आकाराम जिंकला न्हाय, जपान जिंकला." वाक्य लोकांना आवडलं. मग ते तवनाप्पांनी सेहेचाळीस वर्षं वापरलं. स्वतःची देशी गिटार त्यांनी वर्षाच्या आत वारणानगरच्या एका मास्तरांना विकली आणि हातात सोल्डरिंग आयर्न घेतलं. असलं वाक्य जवळ असलं की माणूस सुखानं जगतो. फक्त एकदा आत बघून खात्री करून घ्यायची राहिली होती.

स्क्रू करकरला आणि सुटला. तवनाप्पांनी मान अलगद उचलली. खाली उघड्या लाकडावर जांभळ्या शाईचा शिक्का होता : '42.9'.

"बेचाळीस?" निशिगंधा पुढं वाकली. "महायुद्धातली गिटार?"

"न्हाय न्हाय. जपानात बादशहा गादीवर बसला की तिथनं वर्षं मोजत्यात. त्या बादशहाचं बेचाळिसावं, म्हंजे आपलं सदुसष्ट. महिना नववा."

निशिगंधाला ते लगेच पटलं. गादीवरून काळ मोजणं कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही.

"सप्टेंबर सदुसष्ट," तवनाप्पा म्हणाले. वय निघालं होतं. आता त्यांनी गिटार उताणी केली. तारांखालचं पांढरं कव्हर जपानी नव्हतं, ते स्वयंपाकघराच्या ओट्याखाली लावतात तसल्या सनमायकाचं होतं. आवाजाचं बटण जुन्या रेडिओचं निघालं. तवनाप्पांच्या जिवाला हे काही लागलं नाही. त्यांना बघायचा होता तो पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून तिचा आवाज करणारा तुकडा. गिटारचा गळाच म्हणा ना. जपान जिंकला होता तो तिथंच कुठंतरी.

त्यांनी कव्हर उचललं, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली ओढला.

आत सुती पट्टीत गुंडाळलेली, व्हार्निशानं तपकिरी झालेली एक कॉइल होती. वर हिरव्या दोऱ्याच्या दोन गाठी.

"हे जपानी न्हाय," तवनाप्पा सावकाश म्हणाले.

"मग?"

"हे नोव्होल्टचं काम हाय. मोटरपंपाच्या स्टार्टरमधी असती बघ कॉइल, लाईट गेली की मोटार बंद पाडणारी. केसागत बारीक तार. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत तार गुंडाळून पोत्यानं भरायची ही कामं."

त्यांनी मीटर लावला. काटा सात हजार सहाशे ओहमवर जाऊन निवांत बसला. आजकालचा माल दोन वर्षांत मान टाकतो आणि ही कॉइल जणू काल भरल्यासारखी. तवनाप्पा तिच्याकडे बघत राहिले. म्हणजे जपान जिंकला नव्हता. शेतीपंप जिंकला होता. हा धक्का मोठा होता, पण तवनाप्पांचं मन मुरलेलं होतं, त्यानं मिनिटभरात जागा बदलली. जपान काय आणि उद्यमनगर काय, शेवटी आकारामला जिंकवलं ते यंत्रानंच. उलट आता तर पुरावाच हातात आला.

"हात सोन्याचा हाय पण," ते मोकळ्या मनानं म्हणाले. "एक फेरा इकडचा तिकडं न्हाय. कुणी भरलीया काय म्हाईत."

"मी," धोंडुबाई म्हणाल्या.

तवनाप्पांनी मान वर केली.

"वैनी, तुमी?"

"दादाचं वायंडिंगचं दुकान हुतं न्हवं उद्यमनगरात. लग्नाआधीपासनं भरायची मी. जपानचं वर्षाभरात जळलं. हे रडकुंडीला आलं. म्हटलं, आणा हिकडं." त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "आठ हजार फेरे. मोजायचं मशिन दादा घरी देत नव्हता. मग पाचशे झाले की एक शेंगदाणा बाजूला ठेवायचा. सोळा शेंगदाणं झालं की बास."

"आई, तू कधी सांगितलं नाहीस!"

"इचारलंस कधी? दुसऱ्या टायमाला ह्यांनी गप्पा मारत मारत त्यातलं दोन खाल्लं. त्यामुळं त्या कॉइलीत हजारभर फेरं जास्तच गेलं असतील."

तवनाप्पांनी मीटर बाजूला सारला.

"दुसऱ्या टायमाला म्हंजे? दोन भरल्यासा?"

"दोन की. एक ह्यात, एक तुमच्यात."

"माझ्यात?"

"तुमची गिटार दादाच्या दुकानात आलती न्हवं, खरखर करतीया म्हणून? जयसिंगपूरच्या आदल्या आठवड्यात."

आली होती. तवनाप्पांना आठवत होतं. परत आली ती खणखणीत होऊन. मुंबईचा पार्ट घातलाय म्हणून सांगितलं होतं आणि तवनाप्पांनी ते चार जणांना ऐकवलंही होतं.

"मुंबईचा पार्ट म्हणाला तुमचा दादा."

"ह्यांनीच सांगायला लावलं. मुंबईचा म्हटल्यावर तवनाप्पा उघडून बघायचा न्हाय, म्हणालं."

"पण कशापायी, वैनी?"

धोंडुबाईंनी जरा विचार केला. सांगावं की न सांगावं याचा नव्हे, शब्द नीट आठवायचा.

"हे म्हणालं, तवनाप्पा हरला तर म्हणंल, गिटारनं हरवलं. त्यापरास दोघांच्यात सारखीच कॉइल घाल. मग बघू."

दुकानाबाहेर एका रिक्षावाल्यानं दुसऱ्याची आई-बहीण काढली, दुसऱ्यानं त्याची काढली आणि दोघंही आपापल्या वाटेनं गेले. तवनाप्पांनी कॉइलवरची नसलेली धूळ फुंकली.

"मग मागनं कधी सांगितलं का न्हाय त्यानं? सेहेचाळीस वर्षं मी गावभर..." त्यांनी वाक्य तिथंच ठेवलं.

"मी म्हणत हुते, भावजी. सांगून टाका म्हणत हुते. तर म्हणायचं, ऱ्हाऊ दे. तेवढ्यावर त्येचं बरं चाललंय."

तवनाप्पा उठले. माठातलं पाणी प्याले, फुलपात्र विसळलं, पालथं घातलं. परत येऊन त्यांनी कव्हर बसवलं, मान बसवली आणि चारी स्क्रू आवळले. यात बराच वेळ गेला, कारण प्रत्येक स्क्रू ते दोनदा आवळत होते.

"काका," निशिगंधा चाचरत म्हणाली, "म्हणजे आता पस्तीसच का?"

"फॉर्म आण."

ते खाली मान घालून लिहू लागले. निर्मितीचा काळ : सप्टेंबर १९६७. आधार : लाकडावरील शिक्का. बदललेले भाग : कव्हर, बटण, पिकअप. पिकअपची कॉइल भरणाऱ्या : श्रीमती धोंडुबाई आकाराम पोवार. अजूनही उत्तम. अक्षर पहिल्यापासून सुरेख, वळणदार होतं. दुसऱ्या पानाच्या तळाशी मात्र पेन थांबलं.

"काय इचारल्यात?" धोंडुबाई म्हणाल्या.

तवनाप्पांनी वाचून दाखवलं. "वाद्याच्या विशेष आवाजास कारणीभूत असलेला भाग कोणता? मूळ की बदललेला? नको असलेला पर्याय खोडावा. चाचणी घेतली असल्यास तपशील द्यावा."

धोंडुबाई पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. निशिगंधा कधी आईकडे, कधी काकांकडे बघत होती.

तवनाप्पांनी 'मूळ' खोडलं. थोडं थांबून 'बदललेला'ही खोडलं. शेजारी लिहिलं : 'आकाराम पोवार'. मग चाचणीच्या रकान्यात, जागा पुरावी म्हणून बारीक अक्षरात :

'जयसिंगपूर, १९७९. अशीच कॉइल, हजार फेरे जास्त घालून, दुसऱ्या एका गिटारमध्ये बसवून पाहण्यात आली. उपयोग झाला नाही. चाचणीस मी स्वतः हजर होतो.'